चर्च भरतं, पण माणसं एकमेकांना ओळखत नाहीत: धर्मग्राम आपलासा कसा करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमचं चर्च वसई-विरार पट्ट्यात, स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. रविवारच्या मिस्सांना, म्हणजे मुख्य उपासनांना, बसायला जागा नसते, पण मिस्सा संपली की दहा मिनिटांत आवार रिकामं होतं. नव्या इमारतींत राहायला आलेली कुटुंबं वर्षभर येतात आणि मग दिसेनाशी होतात. किशोरवयातला दृढीकरणाचा संस्कार झाला की मुलंही गायब. नव्या पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे धर्मगुरूंना सल्ला देणाऱ्या लोकांच्या मंडळावर, तुम्हाला घेतलंय आणि सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारताय.

श्रद्धाशिक्षण, लघु ख्रिस्ती समूह आणि पॅरिश कौन्सिल अशा तिन्ही ठिकाणी मी वसईत पुष्कळ वर्षं काम करत आलोय. त्यावरून माझं ठाम मत सांगतो. नवं कुटुंब धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथोलिक समाजात, टिकतं ते दोन कारणांनी: त्यांना नावाने हाक मारणारं कोणी असतं, आणि त्यांच्यावाचून अडेल असं एखादं काम त्यांच्याकडे असतं. दारात उभं राहून हसून नमस्कार करणारी स्वागत समिती जरूर नेमा, पण तिच्यावर विसंबू नका. पुढे जे काही लिहितोय ते सगळं या दोन गोष्टी कशा घडवायच्या याबद्दल आहे.

आधी आपल्या भागाची एक अडचण समजून घ्या. निर्मळ, नंदाखाल, सांडोर, पापडी या जुन्या धर्मग्रामांत माणसं चर्चमध्ये येण्याआधीच एकमेकांची असतात. कुपारी असोत, वाडवळ असोत, कोळी असोत, आळीत सगळे कोणाचे तरी मामा-मावशी लागतात. विहीर एक, लग्नाचा मांडव एक, शेतीचे बांध एकमेकांना लागून. तिथे समाज उभा करावा लागला नाही, तो वारशाने आला. १९९८ साली वसई धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला आणि बिशप थॉमस डाबरे पहिले महागुरुस्वामी झाले, तोवर रेल्वेच्या बाजूचं चित्र बदलू लागलं होतं. मुंबईतल्या चाळी सोडून आलेले गोवेकर, मंगळूरकर, मल्याळी, तमिळ, शिवाय इंग्रजीत प्रार्थना करणारे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळ कॅथोलिक, असे सगळे एकाच बाकावर येऊन बसले. जुन्यांना वाटतं, हे चर्च आमच्या आजोबांनी घाम गाळून उभं केलं. नव्यांना वाटतं, इथे आम्हाला कोणी विचारत नाही. दोघांचंही खरं आहे. जुन्यांचा अभिमान दुखावून नव्यांना जागा देता येत नाही, हे कौन्सिलमध्ये पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवा.

१९८३च्या चर्च कायदासंहितेत, ५१५व्या कलमात, धर्मग्रामाची व्याख्या विश्वासू लोकांचा स्थिर समुदाय अशी केली आहे. इमारत, घंटा, हॉल, शाळा यांचा त्या व्याख्येत उल्लेखही नाही. ५२९वं कलम तर प्रमुख धर्मगुरूंना सांगतं की त्यांनी आपल्या लोकांना ओळखावं, त्यांच्या घरी जावं, त्यांच्या चिंता आणि दुःखं वाटून घ्यावीत. पण दोन फादर आणि हजाराच्या वर कुटुंबं असतील तर हे त्यांना एकट्याने शक्य नाही. तिथे आपली गरज लागते.

म्हणून सुरुवात लघु ख्रिस्ती समूहांपासून करा. मुंबई महाधर्मप्रांतात १९८०च्या दशकापासून हे काम सुरू आहे आणि १९९० साली इंडोनेशियात बांडुंगला भरलेल्या आशियाई बिशपांच्या अधिवेशनानंतर त्याला आणखी बळ मिळालं. धर्मग्राम म्हणजे अनेक लहान समूहांचा मिळून एक समूह, हा विचार तिथे ठामपणे मांडला गेला. तुमच्याकडेही कागदावर समूह असतीलच. पण एका समूहात दीडशे-दोनशे घरं असतील तर त्याला लघु म्हणण्यात अर्थ नाही. पंधरा ते वीस घरं, म्हणजे एखादी मोठी इमारत किंवा शेजारच्या दोन-तीन लहान इमारती, एवढीच हद्द ठेवा. प्रमुख त्याच इमारतीत राहणारा असावा. चर्चमध्ये आधीच चार पदं सांभाळणाऱ्या माणसाला पाचवं पद देऊ नका.

या समूहांची महिन्याची सभा कोणाच्या तरी घरी होते. आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने घडवलेली सात पायऱ्यांची पद्धत आपल्याकडेही वापरतात. प्रभूला आमंत्रण द्यायचं, शुभवर्तमानाचा उतारा वाचायचा, त्यातले मनाला भिडलेले शब्द सावकाश पुन्हा म्हणायचे, शांत बसायचं, मग आपल्या मनात काय आलं ते सांगायचं, त्यानंतर देव आपल्याकडून कोणतं काम मागतोय याचा विचार करायचा आणि शेवटी प्रार्थना. घोळ होतो तो सहाव्या पायरीवर. पाचव्यापर्यंत सगळे छान बोलतात, मग कोणीतरी घड्याळाकडे बघतं आणि थेट प्रार्थना होऊन चहा येतो. सहावी पायरी गाळली की महिन्यातून एकदा भेटणारं भजनी मंडळ उरतं. तेव्हा त्या पायरीवर पंधरा मिनिटं राखून ठेवा आणि नेमका प्रश्न विचारा: आपल्या वीस घरांत या महिन्यात कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, कोण नवीन आलं, आणि त्यासाठी आपल्यातलं कोण जाणार? नावं आणि दिवस वहीत लिहा. पुढच्या सभेची सुरुवात त्याच वहीपासून करा.

नवीन कुटुंबाकडे जाताना नेहमी दोघांनी जा. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केलेल्या सेंट विन्सेंट दि पॉल संस्थेत ही रीत आजही पाळतात आणि ती अनुभवाची आहे. शक्यतो एक जण जुन्या गावठाणातला आणि एक इमारतीतला असावा. जाताना रजिस्टर आणि वर्गणीचं कार्ड नेऊ नका, पहिल्या भेटीत तरी नाही. बाप्तिस्म्याच्या तारखा, लग्नाचा दाखला, मुलं कुठल्या श्रद्धाशिक्षण वर्गात जातात, हे सगळं दुसऱ्या भेटीत विचारलं तरी चालतं. पहिल्या भेटीत विचारा की तुम्ही कुठल्या गावचे, तिथल्या चर्चचा सण कधी असतो, घरात वयस्कर कोणी आहे का, कामाच्या पाळ्या कशा असतात. आणि एक प्रश्न कधीही विसरू नका: तुमच्या आधीच्या धर्मग्रामात तुम्ही काय काम करत होता?

याच प्रश्नाने आमच्याकडे पुष्कळ काही बदललं. शेवटच्या बाकावर बसून निघून जाणाऱ्या एक बाई मंगळूरकडच्या आपल्या गावी कित्येक वर्षं गायकवृंद सांभाळत होत्या. आमच्या गायकवृंदात त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, कारण त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. गाणी रोमन लिपीत लिहून दिली आणि प्रश्न सुटला. एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले होते आणि आम्ही सणाच्या हिशेबासाठी माणूस शोधत होतो. भेटीनंतर महिन्याच्या आत त्या कुटुंबाला काहीतरी काम मिळालंच पाहिजे, असा नियम करा. वाचन असो, अर्पणाच्या मिरवणुकीत भेटी नेणं असो, फुलं लावणं असो, आजाऱ्यांना गाडीने आणणं असो. अर्थात वाचकांची यादी गेली दहा वर्षं त्याच बारा नावांची असेल तर नव्यांना जागा कुठून मिळणार? पाळी ठरावीक काळाने बदलते असं लेखी ठरवा, म्हणजे कोणाला काढून टाकल्यासारखं वाटत नाही.

कार्यालयाकडेही बारकाईने बघा. बहुतेक दुरावलेल्या माणसांची चर्चशी पहिली भेट वेदीपाशी होत नाही, कार्यालयाच्या खिडकीशी होते. कोणाला मुलाचा बाप्तिस्मा करायचाय, कोणाला लग्नाच्या कागदांसाठी पत्र हवंय, कोणाला आईच्या नावाने मिस्सा लावायचीय. माणूस दहा वर्षांनी आलेला असतो, मनातून संकोचलेला असतो, आणि पहिलं वाक्य ऐकतो, तुमचं वर्गणीचं कार्ड भरलेलं नाही. तो परत येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३च्या आपल्या पत्रात लिहिलं आहे की चर्च हा जकातनाका नाही, ते पित्याचं घर आहे आणि तिथे आपापल्या अडचणींसह आलेल्या प्रत्येकाला जागा आहे. कार्यालयात बसणाऱ्या व्यक्तीला हे समजावून सांगा, तिचा पगार आणि मान दोन्ही नीट ठेवा, आणि कार्यालय आठवड्यातून दोन दिवस तरी रात्री नऊपर्यंत उघडं ठेवा. लोकलने चर्चगेटहून येणारा माणूस संध्याकाळी सहाला पोहोचू शकत नाही.

मिस्सेच्या भाषेचा वाद तुमच्याकडे असेलच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना जागा दिली आणि आपल्याला मराठीतून मिस्सा मिळाली, हे आपलं मोठं भाग्य. पण मराठी, इंग्रजी, कोकणी, मल्याळम अशा वेगवेगळ्या मिस्सा झाल्या की एकाच छपराखाली चार धर्मग्राम तयार होतात. भाषेच्या मिस्सा बंद करू नका, कारण माणूस आईच्या भाषेतच मनापासून प्रार्थना करतो. मात्र वर्षातले काही दिवस सगळ्यांचे मिळून ठेवा: चर्चचा सण, पवित्र गुरुवार, पास्काची, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीची, जागरण मिस्सा. वाचनं दोन-तीन भाषांत आणि छापील पत्रकात सगळ्यांचा मजकूर, एवढं केलं की निभतं. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी फादर लोकांचे पाय धुतात, त्यासाठी कोणाला बोलावता याकडे लोकांचं फार लक्ष असतं. जानेवारी २०१६मध्ये रोमने नियम बदलून त्यात स्त्रियांनाही घेण्याची मोकळीक दिली. तेव्हा ठरलेल्या ज्येष्ठ पुरुषांऐवजी प्रत्येक भागातून एक जण घ्या: एखादी कॉलेजची मुलगी, एखादा रिक्षावाला, एखादी आजी, व्हीलचेअरवरचा माणूस, परराज्यातून आलेला कामगार. आमच्याकडे ज्यांना कधी पुढे बोलावलं गेलं नव्हतं अशा घरांनी त्या दिवशी चर्च आपलं मानलं, हे मी जवळून पाहिलंय.

झारखंड, ओडिशा, छत्तीसगडमधून घरकामाला आलेल्या मुली तुमच्या इमारतींतही असतील. त्यातल्या बऱ्याच जणी कॅथोलिक असतात आणि मालकीणबाई सोडतील तेव्हाच त्यांना येता येतं. रविवारी दुपारी हिंदी मिस्सा ठेवता आली तर ठेवा, आणि मिस्सेनंतर तासभर बसायला हॉल उघडा. त्यांना आठवड्यात एकमेकींशी बोलायला मिळणारा तो एकच तास असतो.

आता मयताबद्दल. धर्मग्राम जिवंत आहे की नाही, हे मला सणापेक्षा मयताच्या रात्री जास्त कळतं. गावात मयताची घंटा झाली की माणसं हातातलं काम टाकून, कोण गेलं म्हणून विचारत येतात. खड्डा खणायला, आप्तांना निरोप द्यायला, घरच्यांना चहा-पेज करून घालायला कोणाला सांगावं लागत नाही. इमारतीत मात्र रात्री दोन वाजता हॉस्पिटलमधून फोन येतो आणि घरच्यांना कळत नाही की आता कोणाला बोलवायचं. डॉक्टरांचा दाखला, पालिकेची नोंद, शवपेटी, दफनभूमीतली जागा, मिस्सेची वेळ, हे सगळं रडणाऱ्या माणसाने करायचं असतं.

प्रत्येक समूहातून दोन माणसं या कामासाठी पक्की करा आणि त्यांचे नंबर छापून प्रत्येक घरात द्या. एक जण कागदपत्रांच्या मागे जाईल, दुसरा घरच्यांजवळ बसेल. गायकवृंदातले चार जण कामाच्या दिवशीही दफनाला येतील अशी पाळी लावा. मिस्सा चार माणसांत होऊ नये म्हणून समूहाने जावं. मग सात संध्याकाळी त्या घरी जपमाळ. आमच्या भागात एका तमिळ आजोबांचं निधन झालं तेव्हा आजींना मराठी अजिबात येत नव्हतं. आमच्या बायका अर्धी नमो मरिया मराठीत म्हणत आणि आजी उरलेली तमिळमध्ये पूर्ण करत. सातही दिवस तसंच चाललं. समोरच्या दारातलं हिंदू कुटुंब रोज चटया अंथरून द्यायचं. वर्षश्राद्धाच्या मिस्सेला त्या मजल्यावरची सगळी घरं आली, आणि आज त्या समूहाची सभा बहुतेक वेळा त्या आजींच्याच घरी होते.

आजारी आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्यांची यादीही अशीच समूहाकडून घ्या. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेऊन जातात, पण एका दिवसात तीस घरं करायची तर प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. १९७३ सालापासून प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या, सेवकांनाही ख्रिस्तशरीर नेण्याची परवानगी आहे. त्यांना नीट प्रशिक्षण द्या आणि प्रत्येकाकडे तीन-चारच घरं ठेवा, म्हणजे आजीशी दोन शब्द बोलता येतात.

मुलांचं म्हणाल तर दृढीकरणाचं वय आणि दहावी-बारावीचा ताण बहुधा एकाच वेळी येतो, त्यामुळे थोडी गळती समजण्यासारखी आहे. न समजण्यासारखं हे, की आपण त्यांना नाताळचा गोठा, सणाच्या दिवशी पार्किंग आणि खुर्च्या उचलणं याशिवाय काही देत नाही. वसईतले गोठे बघायला लांबून माणसं येतात, ती कला मुलांनी जरूर जपावी. पण ध्वनियंत्रणा, सणाचा जमाखर्च, श्रद्धाशिक्षणाचा एखादा वर्ग, दफनाच्या वेळचा गायकवृंद अशी वर्षभराची जबाबदारीही त्यांच्या हाती द्या आणि चुकलं तर सांभाळून घ्या. कौन्सिलवर पंचविशीच्या आतले दोघे घ्या. सभा रविवारी सकाळी नको, शनिवारी रात्री साडेआठला ठेवा. मुलांशी काम करताना सुरक्षिततेत कुठेही ढिलाई नको: वर्गात एकटा मोठा माणूस नको, दरवाजा उघडा हवा, तक्रार कोणाकडे करायची ते नाव फळ्यावर हवं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे आणि घरातल्या घरात मिटवणं हा स्वतःच गुन्हा आहे. आईबापांना हे दिसलं की ते मुलं निर्धास्तपणे पाठवतात.

पैशाबद्दल थोडक्यात. आर्थिक समिती प्रत्येक धर्मग्रामात असायलाच हवी, ते चर्च कायदासंहितेचं ५३७वं कलम. लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यावा, ते १२८७वं. तीन महिन्यांनी जमा-खर्च फळ्यावर लावा, त्यात गरिबांसाठी किती गेलं ते वेगळं दाखवा. मोठ्या देणगीदारांची नावं माईकवरून घेणं बंद करा. ज्याला पन्नास रुपयेच देता येतात तो ती नावं ऐकून मागच्या बाकावर सरकतो.

चर्चच्या भिंतीबाहेरही बघा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या आंदोलनात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती अशा सगळ्यांना सोबत घेतलं. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा वसईच्या प्रत्येक धर्माच्या माणसाला ते आपले वाटले. पाणी, रस्त्यावरचा कचरा, पावसाळ्यात तुंबणारे नाले, हे प्रश्न तुमच्या स्टेशन भागातही आहेत. त्यासाठी चर्चचा हॉल शेजाऱ्यांना उघडा. सोसायटीत एकट्या पडलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला त्याने मोठा आधार मिळतो.

एक सावधगिरी. चर्च कायदासंहितेच्या ५३६व्या कलमाप्रमाणे पॅरिश कौन्सिलला सल्ला देण्याचाच अधिकार आहे, शेवटचा निर्णय फादरांचा. त्यावरून भांडणं होतात आणि चांगली माणसं बाजूला होतात. फादरांकडे तक्रार घेऊन जाण्यापेक्षा तयार योजना घेऊन जा: काम काय, कोण करणार, खर्च किती, कधी सुरू. असा कागद नाकारणारे फादर मी फारच थोडे पाहिले आहेत. आणि फादरांची पाच-सहा वर्षांत बदली होतेच. नव्या फादरांच्या हाती पहिल्याच आठवड्यात समूहांच्या वह्या आणि प्रमुखांची यादी द्या, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

सगळ्या धर्मग्रामात एकदम काही सुरू करू नका. स्टेशनजवळच्या तीन इमारती निवडा, प्रत्येकीला दोन माणसं शोधा आणि आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांच्या, आधी त्या तिन्ही इमारतींतलं प्रत्येक ख्रिस्ती घर एकदा भेटून घ्या. चर्चच्या आवारात भागाचा मोठा नकाशा लावा आणि रविवारी मिस्सेनंतर चहाच्या टेबलाशी उभं राहून लोकांना आपापली इमारत त्यावर दाखवायला सांगा. शेजारी राहूनही एकमेकांना न ओळखणारी किती घरं आहेत, ते तिथेच कळेल आणि पुढच्या भेटींची यादीही तिथेच तयार होईल. नाताळनंतर त्या तीन इमारतींच्या वह्या घेऊन कौन्सिलमध्ये बसा आणि मगच चौथी इमारत घ्या.